पेनड्राइव्हशिवाय सर्व्हरवर लिनक्स

महापे येथील डेटा सेंटरमध्ये एकाच दिवशी आठ नवे सर्व्हर रॅकवर चढतात, तेव्हा लिनक्स बसवण्यासाठी प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावत त्या गार, घोंघावणाऱ्या दालनात उभे राहण्याची गरज नसते. सर्व्हरचे रिमोट कन्सोल (दूरून त्याचा पडदा व कळफलक वापरण्याची सोय) हाताशी असेल, तर हेच काम ठाण्यात बसून नेटवर्कवरून करता येते. त्यासाठीच्या पीएक्सई या नेटवर्कवरून सर्व्हर सुरू करण्याच्या पद्धतीची २.१ ही आवृत्ती इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज बहुतेक सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात ती असतेच.

सर्व्हर चालू होताच कार्ड डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी पत्ता मागते. उत्तरात पर्याय ६६ या क्रमांकित रकान्यातून टीएफटीपी (फाइली पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हरचे नाव व ६७ मधून बूट फाइलचे नाव मिळते, आणि ती फाइल उतरली की बूटलोडर (यंत्रणा सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणून इन्स्टॉलर सुरू करतो. लहान मांडणीत डीएनएसमास्क हा एकच प्रोग्राम दोन्ही सेवा सांभाळतो. बायोस आणि यूईएफआय या सर्व्हर सुरू करणाऱ्या जुन्या व नव्या फर्मवेअरना वेगवेगळी बूट फाइल लागते, म्हणून पर्याय ९३ मधून येणारा सर्व्हरचा प्रकार पाहून योग्य ती फाइल देण्याची सोय करावी. टीएफटीपी मूळ रूपात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबते. त्यामुळे मोठ्या फाइली एचटीटीपीवरूनच द्याव्यात.

माझा सर्वाधिक वेळ स्विचने, म्हणजे सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क उपकरणाने, घेतला आहे. एका रात्री कन्सोलवर डीएचसीपीपुढे ठिपके उमटत राहिले आणि मी दोन तास सर्व्हरच्याच सेटिंग तपासत बसलो; दोष मात्र स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे नेटवर्कमध्ये फेरे होऊ न देणाऱ्या स्विचमधील यंत्रणेचा होता. केबलचा दुवा जुळल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो व तोवर काहीच पुढे जाऊ देत नाही. काही कार्डे तेवढ्यात प्रयत्न सोडतात. शिवाय कर्नल सुरू होताना दुवा पुन्हा तुटतो, म्हणून पहिला टप्पा पार झालेला असूनही इन्स्टॉलरला पत्ता मिळत नाही. सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट ही स्विचची सेटिंग चालू करावी, म्हणजे ही प्रतीक्षा टळते.

खरी काळजी पुढे आहे. डेबियनची प्रीसीड, रेड हॅटची किकस्टार्ट किंवा उबंटू सर्व्हरची २०.०४ पासूनची ऑटोइन्स्टॉल, अशी इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली फाइल दिली, की इन्स्टॉलर काहीही न विचारता डिस्क पुसतो. म्हणून हे काम स्वतंत्र व्हीलॅनवरच (स्विचवर वेगळ्या राखलेल्या आभासी नेटवर्कवर) करावे आणि बूट मेनूतील मूळ निवड नेहमी ‘स्थानिक डिस्कवरून सुरू करा’ हीच ठेवावी. पीएक्सईलिनक्स या बूटलोडरमध्ये प्रत्येक सर्व्हरच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाच्या) नावाने वेगळी फाइल ठेवता येते. नावात आधी ०१, मग आडव्या रेघांनी जोडलेला पत्ता, सर्व अक्षरे लहान. इन्स्टॉलेशनचा आदेश फक्त या फाइलीत असावा, म्हणजे चुकून त्या व्हीलॅनमध्ये आलेला जुना सर्व्हर सुरक्षित राहतो. डिस्कही ‘पहिली’ म्हणून न सांगता तिच्या अनुक्रमांकाने सांगावी, कारण कंट्रोलर बदलला की पहिली कोणती हेही बदलू शकते. उत्तरांच्या फाइलीत पासवर्ड उघडा लिहू नये. एचटीटीपीवरून ती त्या नेटवर्कवरील कोणालाही वाचता येते.

इन्स्टॉलेशन संपताच मॅक पत्त्याची फाइल काढून टाकावी, सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करावा आणि तो स्वतःच्या डिस्कवरून लॉगिनपर्यंत पोहोचल्याचे कन्सोलवर डोळ्यांनी पाहूनच पुढच्या सर्व्हरकडे वळावे.