गोवर कळवायला पाच दिवस का लागले?

संशयित गोवराची सूचना आमच्या दवाखान्यातून आरोग्य विभागाकडे पाचव्या दिवशी गेली. मी म्हणत होते, प्रयोगशाळा कळवेल. डॉक्टर म्हणत होते, रिपोर्ट येऊ दे. दोन्ही चूक.

गोवरात थांबणं महागात पडतं. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत रुग्ण इतरांना लागण करू शकतो, आणि संपर्कात आलेल्यांना लस देऊन बचाव करायचा तर ती ७२ तासांच्या आत द्यावी लागते. आमची मुदत वाट पाहण्यातच संपली होती.

मग कळवण्याच्या आजारांची यादी काढली आणि तिचे दोन भाग केले: संशय येताच फोन करायचे, आणि नंतर लेखी कळवले तरी चालणारे. यादी फोनशेजारी चिकटवली. फाइलमधली यादी कोणी उघडत नाही, हे अनुभवाचे बोल! कळवण्याचं काम एकीच्या नावावर टाकलं, ती रजेवर असेल तर दुसरीच्या.

खरी गोम कळवण्याच्या फॉर्ममध्ये होती. लक्षणं कधी सुरू झाली, हा रकाना नेहमी रिकामा. प्रयोगशाळेला नमुन्याची तारीख ठाऊक असते, ताप कधी आला ते नसतं. आणि साथीचा माग त्याच तारखेवरून काढतात. आता ती तारीख आणि चालू फोन नंबर केसपेपर काढतानाच विचारतो.

पुढचा संशयित गोवर त्याच दुपारी कळवला. तपासणीत तो रुबेला निघाला. हरकत नाही, आमच्या यादीत तोही होताच.