लो-कार्ब आहार आणि कोलेस्टेरॉल: कार्ब काढल्यावर ताटात काय येतं ते बघा

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा (कार्बचा) आहार, सुरू केला की ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) बहुतेकांचे उतरतात आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं. एलडीएलचा (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मात्र भरवसा नाही. कुणाचं घटतं, कुणाचं जागचं हलत नाही, तर काहींचं चांगलंच चढतं. हा फरक बराचसा ठरतो तो काढलेल्या कार्बच्या जागी तुम्ही काय खाता यावर.

सुरुवातीलाच उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून घ्या. 10 ते 12 तास फक्त पाणी. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासा, कारण थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल वाढतं आणि दोष आहारावर जातो. इन्सुलिन किंवा साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर कार्ब कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. नुसत्या आहारानेच साखर आणि दाब उतरतो, त्यावर जुना डोस भारी पडू शकतो.

दिवसाला 100 ते 130 ग्रॅम कार्बपासून सुरुवात करा. किटोसारखं 20 ते 50 ग्रॅमवर येण्याची गरज सगळ्यांना नसते. आधी साखर, गोड पेयं आणि मैद्याचे पदार्थ बंद करा. भाज्या आणि डाळी ठेवा.

खरी गडबड स्निग्ध पदार्थांत होते. कार्ब बंद, म्हणजे लोणी आणि खोबरेल तेल हवं तेवढं, असा समज करून घेतला जातो. एका टेबलस्पून लोण्यात साधारण 7 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट (संपृक्त चरबी) असतं, खोबरेल तेलात 11-12 ग्रॅम, ऑलिव्ह तेलात जेमतेम 2. सॅच्युरेटेड फॅट वाढलं की यकृतातले एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. 2000 कॅलरींच्या आहारात सॅच्युरेटेड फॅट 20 ग्रॅमच्या आत ठेवा. एलडीएल आधीच जास्त असेल तर 13 च्या आसपास. बाकीचं फॅट बदाम, अक्रोड, जवस, मासे आणि द्रवरूप वनस्पती तेलांतून घ्या.

धान्यं कमी झाली की तंतूही घटतात. रोज 10 ग्रॅम इसबगोलाचा भुसा दोन वेळांत विभागून घ्या, दर वेळी ग्लासभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर तो घशात अडकू शकतो. औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. कॉफी पीत असाल तर कागदी फिल्टरची प्या; न गाळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतं.

दुसरी तपासणी वजन स्थिरावल्यावर, साधारण 8 ते 12 आठवड्यांनी करा. वजन झपाट्याने उतरत असताना चरबीत साठलेलं कोलेस्टेरॉल रक्तात येतं आणि आकडा तात्पुरता फुगू शकतो.

रिपोर्टमध्ये एकट्या एलडीएलवर जाऊ नका. अनेक लॅबमध्ये ते मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग. समजा, आधी एकूण 220, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड्स 250 होते. एलडीएल निघालं 132. तीन महिन्यांनी 205, 45 आणि 110, एलडीएल 138. बिघडल्यासारखं वाटतं. पण एकूणमधून एचडीएल वजा केलं, तर उरणारं नॉन-एचडीएल (म्हणजे सगळं घातक कोलेस्टेरॉल) 182 वरून 160 वर आलेलं दिसतं. ही खरीखुरी सुधारणा आहे. शंका राहिली तर एपो-बी ही रक्ततपासणी करा, त्यातून घातक कणांच्या संख्येचा थेट अंदाज येतो.

नॉन-एचडीएलसुद्धा वाढलं असेल तर लोणी, खोबरेल तेल, मलई आणि चरबीचं मांस कमी करून पुन्हा तपासा. अंगाने सडपातळ असून किटोवर एलडीएल 200 पलीकडे गेलं असेल, तर रोज 50 ते 100 ग्रॅम कार्ब परत घ्या; अशा लोकांचा आकडा त्याने बऱ्याचदा खाली येतो. ट्रायग्लिसराइड्स छान आहेत म्हणून एवढं एलडीएल चालतं, हे मानू नका. एलडीएल 190 किंवा अधिक असेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आहाराचे प्रयोग लांबवत न बसता डॉक्टरांना दाखवा. आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.