परदेशात वारली चित्रांची कौटुंबिक कार्यशाळा कशी घ्यावी

परदेशात भारतीय संस्कृतीची ओळख करून द्यायची म्हटलं, की आपण एकाच दुपारी मेंदी, रांगोळी, साडी नेसवणं, लेझीम आणि सिनेमातली गाणी असं सगळं मांडतो. पाहुणे कौतुकाने बघतात, फोटो काढतात आणि जातात. त्यापेक्षा एकच कला निवडा आणि ती प्रत्येकाच्या हातून करून घ्या. सुरुवातीला वारली घ्यावी असं मी सुचवेन. गोल, त्रिकोण आणि चौकोन काढता आले की झालं, त्यामुळे सहा वर्षांची नात आणि सत्तरीची आजी एकाच टेबलावर बसू शकतात.

आधी स्वतः समजून घ्या

ही कला पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारली समाजाची आहे. लग्नघरात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहितात. त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, लग्नाची गाणी म्हणते. जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या निमित्ताशिवाय, रोजच्या जगण्याची चित्रं काढायला सुरुवात केली आणि ही कला जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं पाच मिनिटांत सांगून होतं, पण सांगायलाच हवं. 'भारतातलं आदिवासी चित्र' एवढ्यावर भागवू नका, समाजाचं नाव घ्या. आणि कार्यशाळेत देवीचा चौक काढायला लावू नका. तो विधीचा भाग आहे, हस्तकलेचा नमुना म्हणून वापरायची वस्तू नाही. मुलांना झाडं, डोंगर, पक्षी आणि माणसं भरपूर आहेत.

जागा आणि माणसं

सार्वजनिक वाचनालयाची खोली किंवा शाळेचा हॉल सगळ्यात सोयीचा. सणासुदीच्या दिवसांत जागा लवकर भरतात, म्हणून दोन-तीन महिने आधी विचारा. विमा लागतो का, मुलांसोबत काम करण्याचे नियम काय, आत दिवा पेटवता येतो का, हे लेखी विचारून घ्या. बऱ्याच हॉलमध्ये धुराचा अलार्म असतो, तेव्हा बॅटरीच्या पणत्या न्या. 'मुलांना सोडून जाऊ नका, सोबत बसा' हे आमंत्रणातच लिहा. एका टेबलाला सहा-आठ जण आणि एक मदतनीस पुरे. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा या कामाला फार उत्तम. भाषा आली नाही तरी हात धरून त्रिकोण काढून दाखवता येतो.

साहित्य

दोन चमचे तांदळाची बारीक पिठी, चमचाभर डिंकाचं पाणी आणि लागेल तसं साधं पाणी. मिश्रण पातळ दह्याइतकं हवं. डिंक विसरलात तर वाळल्यावर पांढरं पीठ कागदावरून झडतं. ओलं असताना रेघ फिकी दिसते, मुलं घाबरून पुन्हा पुन्हा गिरवतात. वाळली की पांढरी उठून दिसते, हे आधीच सांगून ठेवा. पीठ त्याच दिवशी कालवा, दुसऱ्या दिवशी आंबतं. मूळ पद्धतीत बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करतात. इथे बांबूच्या साध्या काड्या चालतील, अगदी लहानग्यांना कानात घालायच्या कापसाच्या काड्या द्या. कागद म्हणून तपकिरी पॅकिंगचा कागद घ्या, खरखरीत बाजू वर.

दीड तास कसा घालवायचा

पहिली पंधरा मिनिटं ओळख. मग फळ्यावर माणूस काढून दाखवा: वर उलटा त्रिकोण, खाली सुलटा, मधे टोकाला टोक, डोक्याचा छोटा गोल, हातपायांच्या रेघा. कंबरेच्या त्या एका टोकामुळे माणूस वाकतो, नाचतो, पाणी भरतो. हे एकदा हातात बसलं की बाकी सोपं आहे. थोडा वेळ नुसते माणूस काढू द्या, घाई करू नका.

मग मोठा पाच मीटर लांब कागद जमिनीवर पसरा. इथे कार्यशाळेचा खरा जीव आहे. वारली चित्रकार आपल्या भोवतीचंच काढतात, शेत, जंगल, मासेमारी. मग तुमच्याकडच्या मुलांनी बर्फ, बस, शेजारचं तळं, फुटबॉलचं मैदान का काढू नये? शेजारचं परदेशी कुटुंब आपल्या घरचा सण काढेल, तुमचं कुटुंब दिवाळीचा फराळ. मध्यभागी मात्र तारपा नाच ठेवा. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा आणि बांबू यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. ते वाजवणारा मधे असतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. गोल पूर्ण झाला की सगळ्यांनी उठून हात धरून तसंच फिरून बघा. लहान मुलांना चित्रातला फेर का वळतो ते तेव्हा आपोआप कळतं.

खाऊ ठेवणार असाल तर शेंगदाणे, काजू, दूध, गहू कशात आहे ते चिठ्ठीवर लिहा. लाह्यांचा किंवा पोह्यांचा चिवडा शेंगदाणे न घालताही चांगला होतो.

सणाच्या दिवशी

मोठा कागद एक रात्र सपाट वाळू द्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमात प्रवेशद्वाराशीच लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. खाली चित्रकारांची नावं, प्रत्येकाने आपल्या लिपीत लिहिलेली. बाजूला पीठ, काड्या आणि कोऱ्या कागदाचे तुकडे ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्याला शिकवायला त्या दिवशी मदतनीस लागत नाही, आधीच्या कार्यशाळेतली मुलंच पुढे होतात.