एसएचबीजीच्या दोन पद्धतींची तुलना करायला बसताना

एसएचबीजी म्हणजे रक्तात लैंगिक संप्रेरकांना धरून ठेवणारं प्रथिन. ते मोजायच्या दोन पद्धती जुळतात का हे बघताना नवीन आलेले बहुतेक जण दोन्ही पद्धतींचे आकडे आलेखावर टाकतात, सहसंबंध ०.९८ दिसला की खूश होतात. मी तिथेच अडवते. एक पद्धत दर वेळी दुसरीच्या दीडपट आकडा देत असली तरी सहसंबंध १ येईल! ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच दाखवलं. म्हणून आधी दोन आकड्यांमधला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडा. फरक सगळीकडे सारखाच आहे की वरच्या पातळीला वाढत जातो, ते तिथे लगेच दिसतं.

त्याआधीचा प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा: आपली पद्धत नेमकं काय मोजते? जुन्या बंधन-पद्धतीत कोळशाने सीरममधले मूळचे स्टेरॉइड काढतात, मग ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं डीएचटी हे पुरुष-संप्रेरक घालतात, कारण एसएचबीजी त्यालाच सर्वांत घट्ट धरतं. अमोनियम सल्फेट अर्ध्या संपृक्ततेपर्यंत घातलं की एसएचबीजी साक्यात उतरतं, अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिन वरच्या द्रवात राहतं. तो द्रव काढताना पिपेटचं टोक साक्याला लागलं की ती नळी बाद समजा. काम किचकट आहे, पण प्रथिन खरोखर संप्रेरक धरतंय का, हे इथे कळतं. यंत्रावरच्या इम्युनोअसेत दोन अँटीबॉडी प्रथिनाला दोन बाजूंनी पकडतात. त्याची बंधनक्षमता शाबूत आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. निकाल दोन्हीकडे नॅनोमोल प्रति लिटरमध्येच, त्यामुळे गल्लत हमखास होते. मास स्पेक्ट्रोमेट्रीत ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करून ठरावीक पेप्टाइड मोजतात. रोजच्या कामाला ते परवडत नाही.

नमुने किमान ४० घ्या आणि पातळ्यांची व्याप्ती मोठी ठेवा. लठ्ठपणात एसएचबीजी कमी असतं, गरोदरपणात कित्येक पटींनी वाढतं, तेव्हा सौम्य करूनही मोजून बघा. ईडीटीएच्या (रक्त गोठू नये म्हणून घालतात ते रसायन) नळीतलं रक्त मात्र डोळे झाकून वापरू नका. एसएचबीजीच्या दोन उपघटकांची जोडी टिकायला कॅल्शियमचा आधार लागतो आणि ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं. किटच्या माहितीपत्रकात कोणता नमुना चालतो ते वाचा (हे पत्रक कुणी वाचत नाही, असा माझा अनुभव). एकाच नमुन्याचे भाग करून गोठवा आणि दोन्ही पद्धती शक्यतो एकाच दिवशी चालवा.

मुक्त, म्हणजे कुठल्याही प्रथिनाला न बांधलेलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक ठिकाणी व्हर्म्युलेन यांच्या १९९९ च्या सूत्राने काढतात. त्यात एसएचबीजीचा आकडा थेट बसतो, म्हणून किट बदललं की मुक्त टेस्टोस्टेरॉनही हलतं. जुन्या किटची संदर्भ-मर्यादा नव्याला तशीच चिकटवू नका. ज्या रुग्णांचा पाठपुरावा चालू आहे, त्यांचे काही नमुने दोन्ही किटवर तपासून मगच अहवाल बदला.