सेन्सर गप्प, डीटीसी खूश

आय-टू-सी बसवरचा (चिप जोडायच्या दोन तारांच्या मार्गावरचा) बीएमई२८० हा तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारा सेन्सर काही केल्या उत्तर देईना. बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते लिनक्स कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्री फाइल तिच्या कंपायलरने, म्हणजे डीटीसीने, एकही वॉर्निंग न देता कंपाइल केली होती, म्हणून दोन संध्याकाळी मी माझ्या सोल्डरिंगवरच संशय घेत बसलो. बसच्या तारांवरचे पुल-अप रेझिस्टरसुद्धा बदलून झाले!

शेवटी कर्नल लॉगमधली ओळ नीट वाचली: व्हीडीडीडी सप्लाय (सेन्सरच्या डिजिटल भागाची वीज) सापडला नाही, डमी रेग्युलेटर वापरतोय, म्हणजे वीज आहेच असं धरून चालतोय. जुन्या बोर्डाच्या फाइलमधून नोड, म्हणजे सेन्सरची नोंद, उचलताना ‘व्हीसीसी-सप्लाय’ तसंच राहिलं होतं. बाइंडिंगला, म्हणजे नोंदीत कुठली नावं चालतात हे ठरवणाऱ्या नियमांना, हवेत ‘व्हीडीडीए-सप्लाय’ आणि ‘व्हीडीडीडी-सप्लाय’. डीटीसी मुख्यतः व्याकरण बघतो, ड्रायव्हरला ते नाव कळतं का याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कर्नलने डमी देऊन वेळ मारून नेली आणि सेन्सरला वीज देणारा खरा रेग्युलेटर बंदच राहिला.

मग पायथनच्या पिपने डीटीस्कीमा हे फाइल बाइंडिंगशी ताडून बघणारं साधन टाकलं आणि ‘मेक डीटीबीएस_चेक’ चालवलं. वॉर्निंगांचा नुसता पाऊस, बहुतेक इतर बोर्डांच्या. ‘डीटी_स्कीमा_फाइल्स’ या व्हेरिएबलमध्ये फक्त या सेन्सरच्या बाइंडिंगची यामल फाइल दिल्यावर मात्र माझी चूक लगेच वर आली.

एका ओळीच्या जागी दोन ओळी लिहिल्या. पुढच्या बूटला तापमान आलं: ३१ अंश, तेही पंख्याखाली.