इन्व्हर्टर-बॅटरी होम असिस्टंटला जोडायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

सोलर बसलं, भिंतीला बॅटरी लागली, मोबाइलमध्ये कंपनीचं अ‍ॅप पण आलं, आणि पंधरा दिवसांत कळलं की अ‍ॅपमधला आकडा पाच-पाच मिनिटं जुना असतो आणि नेट गेलं की तोही दिसत नाही. मग माणूस होम असिस्टंटच्या, म्हणजे घरातली यंत्रं आपल्याच कॉम्प्युटरवर एकत्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नादाला लागतो, मीही लागलो. शनिवारी सकाळी बसलो, म्हटलं जेवणापर्यंत होऊन जाईल, झालं पुढच्या गुरुवारी. खरं जोडायचं काम तासाभराचं, बाकी सगळा वेळ हा पासवर्ड कुठाय, ही वायर नाहीये, हा आकडा नक्की कशाचा, ह्यातच गेला. तर आधी जमवून ठेवायला हवं होतं ते लिहितोय. माझ्याकडे ५ किलोवॅटचा सिंगल फेज हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट १०० एएचच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आहेत, तुमचं थोडं इकडेतिकडे असेल.

सगळ्यात आधी मोबाइल घेऊन इन्व्हर्टरपाशी जा आणि दिसेल त्या स्टिकरचा फोटो काढा. इन्व्हर्टरचं पूर्ण मॉडेल, स्क्रीनवरचं फर्मवेअर व्हर्जन, बॅटरीचं मॉडेल, आणि खाली जी वाय-फायची कांडी लावलेली असते ना, लॉगर म्हणतात ती, तिचा नंबर. पूर्ण मॉडेल अशासाठी की डेयेसारख्या कंपनीत सुद्धा सिंगल फेज आणि थ्री फेजचा रजिस्टर मॅप, म्हणजे कुठल्या नंबरच्या खणात कुठला आकडा असतो त्याची यादी, वेगळा असतो, चुकीचा मॅप घेतला की आकडे येतात पण ते भलतेच असतात. आणि कांडीचा नंबर वेगळा, इन्व्हर्टरचा वेगळा. सोलारमन कंपनीच्या कांड्यांसाठीचं इंटिग्रेशन, म्हणजे होम असिस्टंटमधला जोडून देणारा भाग, कांडीचा मागतं, मी एक अख्खी संध्याकाळ इन्व्हर्टरचा टाकत बसलो होतो. ज्यांनी आधी बिनबॅटरीचं ऑन-ग्रिड बसवलं आणि बॅटरीवाला इन्व्हर्टर मागून घेतला, त्यांच्याकडे मशीन दोन, कांड्या दोन, आणि मॉडबसचा (ही मशीनं ज्या भाषेत आकडे देतात ती) आयडी बहुतेक दोघांचाही १. एकाच वायरवर घेणार असाल तर एकाचा बदलून घ्या, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही.

अकाउंटचं पण आत्ताच बघा. बसवून देणाऱ्या पोराने घाईघाईत स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्याच ईमेलवर प्लांट उघडलेला असतो आणि आपल्याला नुसता बघायचा हक्क दिलेला असतो. माझं तसंच होतं, चार फोन केल्यावर मालकी माझ्या नावावर आली. फोन केलाच आहे तर कम्युनिकेशनच्या पोर्टला आपली वायर लावली तर वॉरंटीचं काय ते पण विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

आता रस्ता ठरवा, कारण सामान त्यावर ठरतं. क्लाउडवरून घेतलं तर वायर नको काही नको, पण तेच पाच मिनिटांचं शिळं, मग एवढा खटाटोप कशाला. दुसरा रस्ता म्हणजे त्याच कांडीशी घरातल्या नेटवर्कवरून बोलायचं, सोलारमनच्या कांडीत ते ८८९९ पोर्टवर चालतं, बऱ्यापैकी चालतं पण कांडी मधूनच रुसते. तिसरा म्हणजे सरळ आरएस४८५ची वायर, इन्व्हर्टरच्या कम्युनिकेशनच्या पोर्टातून दोन तारांवर आकडे आणणारी. माझं मत विचाराल तर वायरच, एकदा लावली की विसरून जायचं. त्यासाठी यूएसबी ते आरएस४८५ कन्व्हर्टर लागतो, काहीशे रुपयांत मिळतो, आणि इंटरनेटवाल्याने टाकून उरलेल्या कॅट-६ केबलमधली तारांची एक जोडी पुरते. बहुतेक इन्व्हर्टरना ९६०० बॉड (बोलण्याचा वेग) लागतो, तरी मॅन्युअलमध्ये बघून लिहून ठेवा. ए आणि बी ह्या दोन तारा उलट्या लागल्या तर जळत वगैरे काही नाही, नुसतं उत्तर येत नाही, अदलाबदल करून बघा, कारण कुठल्या पिनला ए म्हणायचं ह्यावर कंपन्यांचंच एकमत नाही. एका लाइनवर विचारणारा एकच पाहिजे हे लक्षात ठेवा, म्हणजे त्याच पिनांवर दुसरं काही आधीच प्रश्न विचारत असेल तर तुमचे आकडे मधूनमधून गळणार.

इथे एक सापळा आहे. इन्व्हर्टरखाली तीन-चार सारखीच भोकं असतात, सगळी दिसायला लॅनच्या पोर्टसारखी, पण त्यातलं एक बॅटरीच्या बीएमएसचं (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) असतं, एक मीटरचं, एक समांतर जोडणीचं. लॅनसारखं दिसतंय म्हणून राउटरची केबल खुपसू नका. आणि बॅटरीची जी केबल लागलेली आहे तिला हातच लावायचा नाही, ती निघाली की इन्व्हर्टरला बॅटरीचं काही कळत नाही आणि तो फॉल्ट दाखवून बसतो. पिनआउट, म्हणजे कुठली पिन कशाची ते, मॅन्युअलमधूनच घ्यायचं, वायरच्या रंगावरून नाही. बॅटरीचं झाकण, पॅनलच्या डीसी वायरी, हा आपला प्रांत नव्हे, तिथे काहीशे व्होल्ट असतात आणि बॅटरी शॉर्ट झाली तर पाना वितळतो. पोर्टात वायर लावतानासुद्धा मशीन बंद करूनच.

कॉम्प्युटर कुठला ह्यावर फार डोकं लावू नका, रास्पबेरी पाय ४ चालतो, जुना लॅपटॉप पण चालतो. फक्त एसडी कार्डवर ठेवू नका, दर काही सेकंदाला आकडे लिहून लिहून कार्ड मरतं, छोटी एसएसडी घ्या. त्याहून महत्त्वाचं, तो कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या बॅकअपच्या लाइनवर आहेत ना ते बघा. आमच्याकडे राउटर होता हॉलमध्ये आणि हॉलचा प्लग बॅकअपवर नव्हता, म्हणजे लाईट गेली की बॅटरी किती उरली हे बघायचीच सोय बंद, आणि मुळात तेवढ्यासाठीच तर हे सगळं चाललेलं. कांडीवरून घेणार असाल तर बऱ्याच कांड्यांना २.४ गिगाहर्ट्‌झचंच वाय-फाय कळतं, आणि राउटरमध्ये तिचा आयपी पक्का करून टाका.

आता आकडे. होम असिस्टंटमध्ये एनर्जी डॅशबोर्ड ऑगस्ट २०२१ ला आला, आणि त्याला नुसते वॅट चालत नाहीत, युनिट लागतात, म्हणजे किलोवॅट-तास, आणि तेही चढत जाणारे, मीटरसारखे. सोलरचं एक, ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीकडून, आलेलं एक, ग्रिडला गेलेलं एक, बॅटरीत गेलेलं एक आणि बॅटरीतून निघालेलं एक, असे पाच आकडे तुमच्या इन्व्हर्टरच्या रजिस्टर यादीत आहेत का ते आधीच शोधून वहीत लिहा. नसले आणि नुसते वॅट असले तर इंटिग्रलचा हेल्पर आहे, तो वॅटचे युनिट करून देतो, पण बॅटरीचं तिथे अवघड होतं कारण वॅटचा आकडा एकच, चार्ज आणि डिस्चार्ज दोन्हीचा, फक्त चिन्ह बदलतं, मग त्याचे दोन तुकडे करून मग युनिट करायचे. आणि कुठली कंपनी चार्जला अधिक म्हणते, कुठली डिस्चार्जला. मी ते उलटं धरलं, तर डॅशबोर्डवर रात्री दोन वाजता बॅटरी मजेत चार्ज होताना दिसायची. कधी अचानक ६५,०३६ वॅट दिसले तर घाबरू नका, ते उणे ५०० आहे, सेन्सर साइन्ड, म्हणजे उणे आकडाही धरणारा, म्हणून सांगायचं राहिलंय. व्होल्टेज ५२३ दिसलं तर ते ५२.३ असतं, ०.१ ने गुणायचं. यादीतला रजिस्टर नंबर एकने मागेपुढे असू शकतो हेही आहेच.

कुठला आकडा कशाचा हे ओळखायला माझी पद्धत गीझर. लावायचा, दोन हजार वॅट कुठे वाढले ते बघायचं, बंद करायचा, परत बघायचं. सीटी क्लॅम्पचा, म्हणजे मेन वायरभोवती बसवून करंट मोजणाऱ्या चिमट्याचा, बाण उलटा बसला असेल तर तेही रात्री ह्यातच सापडतं, घेतोय ग्रिडमधून आणि स्क्रीन म्हणतेय देतोय.

बॅटरीची टक्केवारी व्होल्टेजवरून काढायच्या भानगडीत पडू नका, लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, बीएमएस सांगतं तेच घ्या. फक्त सुरू करायच्या आधी एकदा बॅटरी पूर्ण १०० टक्के होऊ द्या म्हणजे बीएमएसचा हिशेब जागेवर येतो. माझ्या दोन मिळून १०.२४ युनिट, २० टक्के राखून ठेवले की हातात साधारण ८.२. इन्व्हर्टरचं घड्याळ पण बघा, माझं चाळीस मिनिटं मागे होतं, त्यामुळे 'आजचे युनिट' रात्री बारा चाळीसला शून्य व्हायचे आणि मी त्याचा दोष सॉफ्टवेअरला देत होतो.

जोडायच्या आधी आठ दिवस नेट मीटरचं रीडिंग लिहा, इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही, रोज एकाच वेळेला. आमचे आप्पा वीजबिलावर विश्वास नाही म्हणून वर्षानुवर्षं सकाळी सातला रीडिंग डायरीत लिहितात, आम्ही सगळे हसायचो. डॅशबोर्ड सुरू झाल्यावर आप्पांनीच सांगितलं की तुझ्या मशीनमध्ये रोज पाऊण-एक युनिट कमी येतंय. मी तीन दिवस सेटिंग उपसत बसलो, आणि निघालं काय, तर बोअरच्या मोटारीची वायर सीटी क्लॅम्पच्या अलीकडून, थेट मेन स्विचवरून घेतलेली. क्लॅम्पला मोटार दिसतच नव्हती. डायरी नसती तर मला हे आजही कळलं नसतं, कारण डॅशबोर्डवर सगळं छान रंगीत आणि बरोबर दिसत होतं.

सेटिंगच्या मेनूचं एकेक पान उघडून फोटो काढून ठेवा, आणि पहिला महिनाभर फक्त वाचायचं, इन्व्हर्टरमध्ये सॉफ्टवेअरवरून काही लिहायचं नाही. चार्जिंगची वेळ आपोआप बदलायचा मोह होतो, पण एक चुकीचं रजिस्टर आणि बॅटरीची कटऑफ मर्यादाच बदलून बसाल, शिवाय इन्व्हर्टरच्या मेमरीत किती वेळा लिहायचं ह्यालाही मर्यादा असते, दर मिनिटाला लिहिणारं ऑटोमेशन तर नकोच.

दिवस निवडताना ऊन असलेला निवडा. मी भर जुलैत बसलो होतो, दिवसभर ढग, एक्स्पोर्ट शून्य, मग तो सेन्सर बरोबर आहे की नाही हे तपासणार कसं. सकाळी उजाडायच्या आत मशीन बंद करून वायर लावा, दुपारी एक्स्पोर्ट बघा, आणि अंधार पडल्यावर गीझर लावा.