टीएलडी बॅजचं रीडिंग वाढलं, तर गुणसूत्र तपासणीसाठी रक्त कसं द्यावं

टीएलडी बॅज म्हणजे किरणांजवळ काम करणाऱ्याच्या अंगावरचा, बसलेला डोस मोजणारा बिल्ला. तीन महिन्यांच्या या बॅजवर अचानक मोठा आकडा आला, की पहिला प्रश्न असतो, डोस माणसाला बसला की नुसत्या बॅजला? बॅज किरणोत्सर्गी सोर्स असलेल्या रेडिओग्राफी कॅमेऱ्याशेजारी पडून राहिला, तरी आकडा फुगतो. तळोजा, रबाळे, महापे पट्ट्यातल्या वेल्ड तपासणी करणाऱ्या एजन्सींच्या आरएसओंना, म्हणजे किरण सुरक्षा अधिकाऱ्यांना, हा निवाडा करावा लागतो. त्यात रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी साक्ष देतात, पण नमुना नीट घेतला तरच.

किरणांनी दोन गुणसूत्रं तुटून चुकीच्या टोकांनी जुळली, की दोन सेंट्रोमिअरचं (गुणसूत्राच्या कमरेसारख्या चिमट्याचं) गुणसूत्र तयार होतं. त्याला डायसेंट्रिक म्हणतात. किरणांशी संबंध नसलेल्या माणसाच्या 1000 पेशींत साधारण एक डायसेंट्रिक सापडतो. गॅमा किरणांचा 100 मिलिग्रे डोस सगळ्या शरीराला बसला, तर तीन-चार सापडतात. 20 मिलिग्रेला मात्र फरक इतका थोडा, की मोजून हाती काही लागत नाही. आपल्याकडे कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30. गॅमा किरणांसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्टचा आकडा सारखाच धरायचा. म्हणजे मर्यादेच्या आत काम करणाऱ्याची ही तपासणी दरवर्षी करून घेण्यात अर्थ नाही. खर्च होतो आणि घरच्यांना नाहक घोर लागतो. रोजच्या कमी डोसचा हिशोब बॅजच ठेवतो. मोठ्या डोसची शंका आली, की रक्ताकडे वळायचं.

आधी प्रयोगशाळेला फोन करून वेळ ठरवा. कामगाराला तपासणी कशासाठी आहे ते त्याच्या भाषेत सांगा आणि लेखी संमती घ्या. मग माहिती लिहून काढा: वय, धूम्रपान, मागच्या काही महिन्यांतला ताप, घेतलेली औषधं, आणि मुख्य म्हणजे आधी झालेले सीटी स्कॅन, न्यूक्लिअर स्कॅन, रेडिओथेरपी, केमोथेरपी. यातलं काही राहिलं, तर दवाखान्यात बसलेला डोस कामाच्या खात्यावर चढतो. सोर्स कोणता, किती अंतरावर, किती वेळ, हेही लिहा.

घटनेनंतर किमान 24 तास थांबा. शरीराच्या एकाच भागाला डोस बसला असेल, तर तिथल्या पेशी सगळ्या रक्तात मिसळायला तेवढा वेळ लागतो. फार लांबवूही नका. चार आठवड्यांच्या आत नमुना गेलेला बरा.

रक्त 10 मिली, लिथियम हेपॅरिनच्या नळीत. नळी हिरव्या टोपणाची. नेहमी चूक होते ती इथेच: लॅबवाले सवयीने जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी लावतात. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, मग पेशींना विभाजनाला लावणारं पीएचए हे द्रव्य घालूनही त्या विभाजनाला लागत नाहीत आणि मोजायला काहीच उरत नाही. भरलेली नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करा, जोरात हलवू नका.

तापमान 18 ते 24 अंश. नळीला बर्फ थेट लागू देऊ नका, आणि मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका. दोन्हींत पेशी मरतात. थर्माकोलच्या डब्यात नेलं, तर वाशी पूल ओलांडून ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेत नमुना त्याच दिवशी पोचतो. बाहेरगावी पाठवायचा असेल, तर डब्यावर ‘एक्स-रे करू नये’ असं ठळक लिहा.

प्रयोगशाळेत पेशी 37 अंशांवर 48 तास वाढवतात. जास्त वेळ ठेवल्या, तर दुसऱ्या विभाजनात डायसेंट्रिक गळायला लागतात. शेवटच्या दोन-तीन तासांत कोल्सेमिड घालून विभाजन थांबवतात, मग स्लाइड बनवून जिम्सा रंग देतात.

अहवालात पेशींचा आकडा आधी बघा. 500 पेशींत शून्य डायसेंट्रिक आले, म्हणजे डोस शून्य असं नाही. ढोबळमानाने 200 मिलिग्रेपर्यंतची शक्यता उरतेच. 1000 पेशींत शून्य असेल, तर ती 100 च्या आसपास येते. म्हणून कमी डोसच्या शंकेत 1000 पेशींचा आग्रह धरा. मायक्रोन्यूक्लियस चाचणी (पेशीत सुटी पडलेली छोटी केंद्रकं मोजणारी) झटपट होते, पण वय आणि लिंगानुसार तिचा मूळचाच आकडा बदलतो. घटना काही वर्षं जुनी असेल, तर डायसेंट्रिक कमी झालेले असतात. तेव्हा फिश पद्धतीने, म्हणजे गुणसूत्रांना चमकते रंग देऊन, ट्रान्सलोकेशन (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) मोजायला सांगा, आणि तुलना त्याच वयाच्या माणसांशी करा.

हा अहवाल बसलेल्या डोसचा अंदाज देतो, पुढे कॅन्सर होईल की नाही ते सांगत नाही. त्याची प्रत कामगाराच्या हातात द्या आणि हे वाक्य त्याला समोर बसवून समजावा.